सत्तरीतील ब्रॉयलर शेडचा हवामान नियंत्रक : जोडणी, बिघाड आणि फेरजोडणी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोड्या अंतरावर, काजूच्या डोंगरउताराला लागून असलेल्या एका ब्रॉयलर शेडमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर इलेक्ट्रॉनिक हवामान नियंत्रक बसवण्यात आला. उन्हाळा चांगला गेला. पावसाळ्यातल्या पहिल्याच बॅचमध्ये मात्र पिल्ले रात्री एकमेकांवर चढून घोळक्याने बसू लागली आणि पहिल्या आठवड्यातली मरतूक वाढली. नियंत्रकच सदोष आहे असे समजून मालक तो परत पाठवण्याच्या तयारीत असताना तपासणीसाठी मला बोलावण्यात आले. तपासणीत नियंत्रक निर्दोष निघाला. दोष त्याच्याकडे येणाऱ्या एका तारेत आणि त्याच्याकडून निघणाऱ्या काही जोडण्यांत होता, आणि त्यांतला सर्वांत धोकादायक दोष तोवर उघडकीसच आलेला नव्हता. सगळे सुरळीत चालू असताना बरी-वाईट प्रत्येक जोडणी सारखीच दिसते. तार ओली झाली, एक फेज गेली किंवा नियंत्रक स्वतःच बंद पडला तर शेडमध्ये काय घडेल, या प्रश्नाच्या उत्तरावर तिची प्रत ठरते, आणि पुढील सर्व विवेचन त्याच प्रश्नाला धरून केले आहे.

शेड आणि तिच्या वाट्याचे हवामान

शेड ६० मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे. जांभ्या चिऱ्याची गुडघाभर उंच भिंत, तिच्यावर जाळी आणि जाळीवर गुंडाळता येणारे पडदे, अशी ती मुळात उघड्या बाजूंची शेड होती. पुढे पडदे वर ओढून कायमचे बंद करून, २.४ मीटर उंचीवर आतले छत बांधून आणि एका टोकाला ५० इंची सहा एक्झॉस्ट फॅन व दुसऱ्या टोकाला कूलिंग पॅड, म्हणजे आत येणारी हवा थंड करणाऱ्या, पंपाने ओल्या ठेवलेल्या जाळ्या, लावून तिचे बोगदा पद्धतीच्या बंदिस्त शेडमध्ये रूपांतर करण्यात आले. एका वेळी सुमारे साडेपाच हजार पक्षी तिच्यात वाढतात आणि पिल्ले बेळगावहून चोर्ला घाटातून येतात.

फॅनची संख्या अंदाजाने ठरलेली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. शेडचा आडवा छेद १० गुणिले २.४, म्हणजे २४ चौरस मीटर आहे. मोठ्या पक्ष्यांना उन्हाळ्यात तग धरण्यासाठी अंगावरून वाहणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला निदान अडीच मीटर असावा लागतो, म्हणजे सेकंदाला ६० घनमीटर किंवा तासाला २ लाख १६ हजार घनमीटर हवा बाहेर काढली गेली पाहिजे. पॅड आणि शटर यांचा अडथळा धरला तर अशा आकाराच्या चांगल्या फॅनकडून तासाला ३६ हजार घनमीटरच्या आसपास हवा प्रत्यक्षात मिळते, त्यामुळे सहा हा आकडा बरोबर बसतो. त्यातला एकही फॅन जास्तीचा नाही, ही गोष्ट पुढच्या निर्णयांसाठी महत्त्वाची ठरली.

सत्तरीचे हवामान पणजीसारखे नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्यामुळे मार्च-एप्रिलच्या दुपारी येथे तापमान ३५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जाते, पण त्या वेळी हवा तुलनेने कोरडी असते. मे महिन्यात समुद्राकडून येणारी आर्द्रता वाढते आणि जून ते सप्टेंबर या काळात गोव्याच्या सरासरीहून, म्हणजे सुमारे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या तालुक्यात पडतो. कूलिंग पॅडचा उपयोग या तीन काळांत इतका वेगवेगळा आहे की नियंत्रकाला त्याची जाण करून दिल्याशिवाय पॅडचा पंप त्याच्या हवाली करू नये. बाहेर ३५ अंश आणि ४५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याच्या तापमापकावर साडेपंचवीसच्या आसपास तापमान दिसते, आणि ७५ टक्के कार्यक्षमतेचा पॅड आत येणारी हवा २८ अंशांपर्यंत आणतो. मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच पॅड जेमतेम साडेतीन अंशांचा फरक पाडतो आणि आतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर नेतो. पावसाळ्यात २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला तो एका अंशापलीकडे काही करत नाही, उलट लिटर, म्हणजे जमिनीवर पसरलेला तुसाचा थर, भिजवतो. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून, श्वासावाटे पाणी बाहेर टाकून अंगातली उष्णता कमी करते, आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर तिचा हा मुख्य मार्गही जवळजवळ बंद होतो. म्हणून किनारपट्टीच्या प्रदेशात पॅडपेक्षा वाऱ्याचा वेग हा अधिक भरवशाचा उपाय आहे, आणि वाऱ्याचा वेग म्हणजे फॅन चालू राहणे.

पहिली जोडणी

नियंत्रकाचे काम समजायला सोपे आहे. शेडमधले तीन तापमान सेन्सर आणि एक आर्द्रता सेन्सर यांच्याकडून आलेले आकडे तो दिवसाच्या लक्ष्य तापमानाशी ताडून पाहतो, आणि फरक वाढेल तसे एकामागून एक टप्पे, म्हणजे फॅनचे गट, चालू करत जातो. तापमान कमी पडले तर तो पिल्लांना ऊब देणारा गॅस ब्रूडर पेटवतो. तापमानाची गरज नसतानाही दूषित हवा बाहेर जावी म्हणून दर पाच मिनिटांतून काही सेकंद एक फॅन फिरवतो, ज्याला किमान वायुवीजन म्हणतात. यासाठी त्याच्याकडे छोटे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, असतात. ते रिले मोटार थेट चालवण्याच्या ताकदीचे नसतात, म्हणून रिले कॉन्टॅक्टर नावाच्या मोठ्या विद्युत स्विचच्या कॉइलला वीज देतो आणि कॉन्टॅक्टर मोटारीला.

मूळ ठेकेदाराने एवढा भाग बरोबर केला होता. कॉन्टॅक्टरचे पॅनेल वेगळे होते, प्रत्येक मोटारीला स्वतंत्र एमसीबी आणि ओव्हरलोड रिले होता, आणि नियंत्रक शेडच्या आत न लावता बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावला होता, जे अमोनिया आणि धूळ यांचा विचार करता अगदी योग्य होते. केबल मात्र पेटीच्या वरच्या बाजूने आत घेतल्या होत्या. पावसाळी प्रदेशात केबल नेहमी खालून आत घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी पेटीत न शिरता झोळाच्या तळाशी गळून जाते. न वापरलेली दोन भोकेही उघडीच होती. तेथून मुंग्या शिरल्या होत्या.

सेन्सरच्या तारा वेगळ्या पाइपमधून न नेता फॅनच्या थ्री फेज केबलबरोबर एकाच पाइपात घातल्या होत्या. शिवाय ब्रूडिंगच्या भागातल्या सेन्सरची तार लांबीला कमी पडल्यामुळे छतावर मध्येच सांधा मारला होता : दोन तारा पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, आणि टेपवर आणखी टेप.

लक्षणे

बिघाडाचे स्वरूप बुचकळ्यात टाकणारे होते. नियंत्रकाच्या पडद्यावर ३२ अंश, म्हणजे नेमके लक्ष्य तापमान दिसत असताना पिल्ले थंडीने आकसून ब्रूडरखाली गर्दी करत होती. दुपारी तीच पिल्ले नीट पसरून खात-पीत असत. मालकांच्या घरच्या वहिनींनी पहाटे पिल्लांच्या उंचीवर साधा काचेचा तापमापक टांगून पाहिला, तेव्हा त्यावर २९ अंश दिसले. या एका निरीक्षणाने तपासाची दिशा ठरली, आणि पिल्लांच्या वागण्यावर पडद्यावरच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वास ठेवण्याची त्यांची वृत्ती नसती तर ती बॅच आणखी बरीच खराब झाली असती. ब्रूडर ३२ अंश झाले म्हणून विझत होता आणि पिल्ले तीन अंशांनी थंड राहत होती. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही, त्यामुळे हा फरक किरकोळ नव्हता.

तीनही सेन्सरची सरासरी घेतली असती तर चूक एक अंशापुरतीच राहिली असती. पण पहिल्या आठवड्यात शेडचा एक तृतीयांश भागच पडदा टाकून वापरला जातो आणि नियंत्रकाला त्या भागातला एकच सेन्सर विचारात घ्यायला सांगितलेले असते. तो एक सेन्सर चुकला की सारी शेड चुकते.

तपास

अशा वेळी संशयिताला जागेवरच वेगळे काढता आले पाहिजे. या नियंत्रकाचे सेन्सर दहा हजार ओहमचे एनटीसी थर्मिस्टर आहेत, म्हणजे २५ अंशांना त्यांचा रोध दहा हजार ओहम असतो आणि तापमान वाढेल तसा तो कमी होतो. म्हणून पहिली पायरी अशी केली की नियंत्रकाच्या टर्मिनलवरून सेन्सरच्या तारा काढल्या आणि तेथे एक टक्का अचूकतेचा दहा हजार ओहमचा साधा रेझिस्टर लावला. पडद्यावर २५ अंश आले. काही रुपयांच्या या वस्तूने नियंत्रकावरचा आरोप मिटला. त्यानंतर सेन्सर शेडमधून उतरवून, ठेचलेल्या बर्फाच्या व पाण्याच्या मिश्रणात बुडवून त्याच्याच पायांशी रोध मोजला, तो ३२ हजार ओहमच्या वर, म्हणजे शून्य अंशाला जसा असायला हवा तसा होता. उरली ती मधली तार.

तारेचा विषय निघाला की पहिला तर्क असतो लांबीचा. तो येथे लागू पडत नाही. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३६ ओहम असतो, त्यामुळे ६० मीटर अंतराच्या जाण्या-येण्याला साडेचार ओहमही भरत नाहीत, आणि दहा हजारांपुढे ते एका अंशाच्या शंभराव्या भागाइतके आहेत. पीटी-१०० जातीचा सेन्सर दोन तारांनी जोडला असता तर मात्र एवढ्याच तारेने अकरा अंशांची चूक केली असती, कारण त्याचा रोध अंशामागे ०.३८५ ओहमनेच बदलतो. एनटीसीला लांबीचे भय नाही. त्याचे भय ओलाव्याचे आहे. तारेच्या दोन पदरांमध्ये ओलावा शिरला की थर्मिस्टरला समांतर असा दुसरा रोध तयार होतो, एकूण रोध कमी होतो, आणि रोध कमी म्हणजे तापमान जास्त असे नियंत्रक समजतो.

पहाटे, पाऊस चालू असताना, तार दोन्ही टोकांना सोडवून तिच्या दोन पदरांमधला रोध मल्टिमीटरने पाहिला. चांगल्या तारेत तो मोजता येण्यापलीकडे असायला हवा. येथे तो साठ हजार ओहमच्या आसपास होता आणि आकडा स्थिर राहत नव्हता, जे ओल्या सांध्याचे नेहमीचे लक्षण आहे. आता हिशेब जुळवून पाहू. या थर्मिस्टरचा रोध २९ अंशांना सुमारे ८,४०० ओहम असतो. त्याला समांतर ६० हजार ओहम आले की मिळून सुमारे ७,३७० ओहम होतात, आणि तक्त्यात तो रोध ३२ अंशांचा आहे. वहिनींच्या तापमापकातला तीन अंशांचा फरक या एका सांध्याने पूर्णपणे उलगडतो. दुपारी पाऊस थांबून छत तापल्यावर तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा रोध कित्येक लाख ओहमवर गेला होता, आणि पिल्ले दुपारी ठीक का दिसत होती याचेही उत्तर मिळाले. सांधा उघडला तेव्हा तांबे हिरवट-निळे पडले होते. कोंबड्यांच्या शेडमधला अमोनिया आणि ओलावा एकत्र आले की उघड्या तांब्याची अशीच गत होते, आणि टेप ओलावा अडवण्याऐवजी धरून ठेवते.

येथे एक इशारा द्यायला हवा. तारेचे इन्सुलेशन तपासायला अनेक वायरमन मेगर काढतात. मेगर ५०० व्होल्ट देतो. नियंत्रक किंवा सेन्सर तारेला जोडलेला असताना मेगर फिरवला तर दोन्हीही कायमचे निकामी होऊ शकतात. दोन्ही टोके सोडवल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय मेगरला हात लावू नये.

न दिसलेले दोष

सांधा सापडल्यावर मालकांच्या दृष्टीने काम संपले होते. पण जेथे एका तारेला असा सांधा मारला गेला तेथे बाकीच्या जोडण्या न तपासता परतणे मला योग्य वाटले नाही. म्हणून शेड रिकामी झाल्यावर मुद्दाम एकेक गोष्ट बंद पाडून पाहिली.

मुख्य वीज बंद केली. भोंगा वाजला नाही. नियंत्रकात धोक्याच्या सूचनेसाठी एक वेगळा रिले असतो आणि त्याची रचनाच अशी असते की सर्व ठीक असताना तो खेचलेला राहतो आणि धोका निर्माण झाला, वीज गेली किंवा नियंत्रक स्वतः बिघडला की सुटतो. भोंगा रिले सुटल्यावर जुळणाऱ्या संपर्कावर जोडायचा असतो. येथे तो उलट्या संपर्कावर जोडून, सेटिंगमध्येही उलट करून ठेवला होता, म्हणजे नियंत्रक जिवंत असेल आणि त्याने आज्ञा दिली तरच भोंगा वाजणार. त्यातही भोंग्याची वीज शेडच्याच एका फेजवरून घेतलेली होती. थोडक्यात, ज्या क्षणी भोंग्याची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी तो मुका राहणार अशी ही जोडणी होती. बंदिस्त शेडमध्ये मोठे पक्षी असताना उन्हाळ्याच्या दुपारी फॅन थांबले तर अर्ध्या तासाच्या आतही पक्षी दगावू लागतात. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत गंभीर दोष हाच होता, आणि त्याने अजून एकाही पक्ष्याचा जीव घेतला नव्हता हा निव्वळ योगायोग होता.

त्यानंतर जनरेटरवर शेड घेतली. सहाही मोटारी फिरू लागल्या, आवाज नेहमीसारखा होता, पण एकाही फॅनचे शटर उघडले नाही. जनरेटर दुरुस्तीहून परत आल्यावर त्याच्या केबल जोडताना दोन फेज अदलाबदल झाल्या होत्या आणि सारे फॅन उलटे फिरत होते. खोलीत बसून ऐकणाऱ्याला हे कधीच कळले नसते. शिवाय बंद पडून तापलेल्या शेडमध्ये वीज परत येते तेव्हा नियंत्रकाला तापमान बरेच जास्त दिसते आणि तो सगळे टप्पे एकदम मागतो. दीड अश्वशक्तीच्या एका मोटारीला चालताना सुमारे २.६ अँपिअर लागतात, सुरू होताना त्याच्या सहापट. सहा मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर १५ केव्हीएच्या जनरेटरवर क्षणभर साठ केव्हीएहून जास्त भार येतो आणि तो बसतो. एकामागून एक सुरू झाल्या तर तोच जनरेटर सहाही फॅन आरामात ओढतो.

लहान दोष आणखीही होते. पॅडच्या पंपाचा कॉन्टॅक्टर सुटला की कधीकधी नियंत्रक स्वतःहून पुन्हा सुरू होत असे, कारण कॉइलवर ठिणगी शोषणारा आर-सी घटक नव्हता आणि त्या झटक्याला सेन्सरच्या तारांतून आत यायला मोकळी वाट होती.

फेरजोडणी

सेन्सरच्या तारा नव्याने ओढल्या. कवच असलेली केबल, स्वतंत्र पीव्हीसी पाइप, वीजवाहक केबलपासून निदान एक फूट अंतर, आणि जेथे ओलांडणे अटळ आहे तेथे काटकोनात. कवच फक्त नियंत्रकाच्या टोकाला अर्थ केले आणि सेन्सरच्या टोकाला कापून झाकले. दोन्ही टोकांना अर्थ केले तर दोन ठिकाणच्या अर्थमधल्या फरकामुळे कवचातूनच प्रवाह वाहू लागतो. मध्ये सांधा एकही ठेवला नाही. सेन्सरची स्वतःची तार जेथे केबलला मिळते ती जागा आत चिकटद्रव्य असलेल्या हीटश्रिंक नळीने बंद केली आणि ती नळी बंद पेटीत ठेवली. सेन्सर आता दोरीवर टांगले आहेत आणि पक्ष्यांच्या वाढीबरोबर वर घेता येतात. ब्रूडरच्या थेट झळीत किंवा भिंतीला टेकून सेन्सर ठेवला तर त्याने सांगितलेले तापमान पिल्लांचे नसते.

भोंगा बॅटरीवर घेतला. बारा व्होल्टची बॅटरी, तिला सतत चार्ज करणारा छोटा चार्जर, आणि रिले सुटल्यावर जुळणारा संपर्क. आता वीज गेली, नियंत्रक जळाला किंवा रिलेकडे जाणारी वीज तुटली, काहीही झाले तरी भोंगा वाजतो. फेज तपासणारा रिलेही याच भोंग्याशी जोडला. एखादी फेज गेली किंवा फेजचा क्रम उलटला तर तो मोटारी थांबवतो आणि त्याच वेळी आरडाओरड करतो. नुसता मोटारी थांबवणारा आणि कोणालाही न सांगणारा फेज रिले मोटारी वाचवतो आणि पक्षी मारतो. पावसाळ्यात झाडाची फांदी पडून एखादी फेज जाणे येथे नित्याचेच आहे, त्यामुळे हा फरक केवळ तात्त्विक नाही.

नियंत्रक पूर्ण बंद पडला तरी दोन फॅन चालले पाहिजेत, यासाठी दोन स्वतंत्र थर्मोस्टॅट बसवले आणि त्यांचे संपर्क नियंत्रकाच्या रिलेला समांतर जोडले. दोन्ही फॅन वेगवेगळ्या एमसीबीवर आहेत. थर्मोस्टॅट लक्ष्य तापमानापेक्षा चार-पाच अंश वर ठेवायचा असतो, आणि येथेच माणसाची नेहमी चूक होते. लक्ष्य ३२ अंश असताना तो ३७ वर ठेवला आणि पुढे पक्षी महिन्याचे झाले, लक्ष्य २६ वर आले, तरी कोणी तो खाली आणला नाही, तर ऐन गरजेच्या वेळी तो गप्प बसतो. म्हणून दर सोमवारी खाद्याच्या नोंदवहीतच थर्मोस्टॅटचा आकडा लिहायचा, असे मालकांनी ठरवले आहे. प्रत्येक फॅनला मॅन्युअल-ऑफ-ऑटो असा तीन स्थितींचा स्विचही दिला. टप्प्यांमधले अंतर दहा सेकंदांचे केले, आणि नियंत्रकाला छोटा यूपीएस दिला म्हणजे जनरेटर चालू होईपर्यंतच्या काळात त्याची स्मृती आणि नोंदी शाबूत राहतात.

गळती प्रवाहाच्या संरक्षणाबाबत मत सहज बनवता येणार नाही असा पेच होता. शेड दाबाच्या पाण्याने धुतली जाते, ओल्या जमिनीवर माणसे अनवाणी वावरतात, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचे संरक्षण दिवे आणि प्लग यांना हवेच. पण अख्ख्या शेडला मिळून असे एकच उपकरण लावले तर पावसाळ्यात सहा मोटारींची थोडी थोडी गळती एकत्र होऊन ते केव्हाही पडेल आणि सगळे फॅन एकदम थांबतील. त्यामुळे प्रत्येक फॅनला स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे गळती झाली की फक्त त्याच फॅनची वीज तोडणारे उपकरण, लावला. खर्च वाढला, पण माणसाचे संरक्षण टिकवून एका फॅनच्या दोषाने बाकीचे पाच बंद पडू नयेत याला दुसरा चांगला मार्ग मला दिसत नाही.

अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात झाली होती आणि ती चांगली आली होती. जांभ्या जमिनीत तिच्यावर विसंबता येत नाही. पावसात भिजलेला जांभा आणि एप्रिलमध्ये सुकलेला जांभा यांच्या विद्युत रोधात फार मोठा फरक असतो, आणि वळवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या कोरड्या ऋतूच्या शेवटी. आयएस ३०४३ या भारतीय मानकाच्या धर्तीवर एकमेकांपासून पुरेशा अंतरावर दोन नवे इलेक्ट्रोड घालून ते तांब्याच्या पट्टीने जोडले, आणि पॅनेलच्या तोंडाशी व नियंत्रकाच्या पुरवठ्यावर वीजलहरी शोषणारी उपकरणे बसवली. सर्व काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेऊन त्याचा चाचणी अहवाल घेतला.

सेटिंग

कंपनीच्या पुस्तिकेतले लक्ष्य तापमान पहिल्या दिवशी ३२-३३ अंशांपासून चौथ्या आठवड्यापर्यंत २१-२२ अंशांवर उतरते. सत्तरीत हिवाळ्यातल्या रात्री सोडल्या तर २१ अंश बाहेरच नसतात, मग आत कोठून येणार? लक्ष्य २१ ठेवले तर सगळे फॅन दिवसरात्र फिरत राहतात आणि टप्प्यांना काही अर्थच उरत नाही. म्हणून पावसाळ्यातला तळ २६ अंशांवर आणि हिवाळ्यातला २३ वर धरला. पॅडचा पंप शेवटच्या टप्प्यावर ठेवला, म्हणजे सहाही फॅन चालू झाल्याशिवाय तो सुरू होत नाही, आणि आतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की बंद होतो. जून ते सप्टेंबर त्याचा एमसीबीच खाली असतो.

किमान वायुवीजन मात्र पावसाळ्यातही कमी करू दिले नाही. गॅस वाचवण्यासाठी ते बंद करण्याचा मोह प्रत्येक मालकाला होतो. हवा कोंडली की लिटरमधले भाताचे तूस ओले होते, अमोनिया वाढतो, आणि तो २५ पीपीएमच्या पुढे गेला की पिल्लांचे डोळे व श्वासनलिका दुखावतात. आपल्या नाकाला झोंबू लागेपर्यंत वाट पाहिली तर बहुधा उशीर झालेला असतो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांतून तीस सेकंद एक फॅन, आणि पुढे पक्ष्यांच्या वजनाबरोबर वाढ, असे ठेवले आहे.

आर्द्रता सेन्सर हा या यंत्रणेतला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण अमोनियाच्या संगतीत त्याचे वाचन हळूहळू सरकत जाते. त्याची पडताळणी घरच्या घरी होते. झाकणाच्या डब्यात खायचे मीठ थोड्या पाण्याने ओलसर करून ठेवायचे, सेन्सर मिठाला न टेकवता डब्यात अडकवून डबा बंद करायचा. काही तासांनी आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. वाचन तेथून फार दूर असेल तर सेन्सर बदलायचा. तापमान सेन्सरसाठी बर्फाचे भांडे पुरे. दोन्ही कामे दोन बॅचमधल्या रिकाम्या काळात होतात.

पुढच्या बॅचमध्ये पिल्ले रात्री पसरून बसली आणि पहिल्या आठवड्यातली मरतूक या शेडच्या नेहमीच्या पातळीवर आली. एक काम मात्र राहिले आहे. वीज गेली, जनरेटरही सुरू झाला नाही आणि भोंगा ऐकायला जवळ कोणी नसेल, तर सध्याच्या व्यवस्थेत पक्ष्यांना वाचवणारे काही नाही. शेड मुळात उघड्या बाजूंची असल्यामुळे पडद्यांची गुंडाळी विद्युतचुंबकाने धरून ठेवता येईल आणि तोच धोक्याचा रिले सुटला की पडदे स्वतःच्या वजनाने खाली पडून बाजू उघडतील. वारा कमी असला तरी उघडी शेड बंद शेडपेक्षा कितीतरी सुरक्षित. पडद्यांच्या दोऱ्या आणि कप्प्या त्यासाठी बदलाव्या लागतील. हे काम मार्चपूर्वी, मोठे पक्षी आणि कोरडा उन्हाळा एकत्र येण्याआधी पूर्ण करायचे असे मालकांशी ठरले आहे, आणि त्याच वेळी अर्थिंगची मोजणीही कोरड्या जमिनीत पुन्हा घेतली जाईल.